गालिच्यासमोर अर्धा तास

प्रश्न : ताई, जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडे लंडनला, हाउन्स्लोला जातोय. मुलगा-सून नोकरीवर, त्यामुळे एक अख्खा शुक्रवार आमच्या दोघांचाच आहे. मला कापडचोपडाची आवड, ह्यांना इतिहासाची. मी दुकानात शिरले की हे बाहेर खांबाला टेकून उभे राहतात, आणि हे म्युझियममध्ये पाट्या वाचायला लागले की मला कंटाळा येतो. त्यात ह्यांचा गुडघा दुखरा. मुलगा म्हणतो, एका दिवसात तीन-चार ठिकाणं होतील. कसं करावं? आणि खरेदीवरचा टॅक्स विमानतळावर परत मिळतो म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुलाचं प्रेम खरं, पण त्याचं ऐकू नका. आम्ही लेकीकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा एका दिवसात तीन म्युझियमं केली होती. संध्याकाळी ह्यांचे पाय सुजले, मी एका दुकानात स्वेटर घेऊ की नको करत उभी राहिले, आणि काउंटरपाशीच आमचं वाजलं. त्या तीन म्युझियमांतलं आज काय आठवतं विचाराल तर एका ममीचा पाय. म्हणून सांगते, एकच म्युझियम घ्या आणि एकच दुकान.

तुमच्या दोघांच्या आवडी एका छपराखाली मिळतील अशी जागा म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. पाहायला पैसे लागत नाहीत, खास प्रदर्शनांना तेवढं तिकीट असतं. एरवी ते पावणेसहाला बंद होतं, पण शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं, म्हणजे तुमचा वार उत्तमच निवडलाय. हाउन्स्लोहून पिकॅडिली लाइनची गाडी न बदलता साउथ केन्सिंग्टनला आणून सोडते. साडेनऊनंतर निघा, भाडं कमी पडतं. स्टेशनात पायऱ्या आहेत, तिथे गुडघा सांभाळून. पुढे जमिनीखालून १८८५ सालचा एक लांब बोगदा थेट म्युझियमकडे जातो, रस्ता ओलांडावा लागत नाही. आत घडीची हलकी स्टुलं ठेवलेली असतात. एक उचला आणि ह्यांच्या हातात द्या.

आता मुख्य गोष्ट. बेचाळीस नंबरच्या दालनात अर्दबीलचा गालिचा आहे. जवळजवळ साडेदहा मीटर लांब, सव्वापाच मीटर रुंद, इराणात १५३९-४० मध्ये विणलेला. काचेच्या मोठ्या पेटीत जमिनीवरच अंथरलाय. रंग उडू नयेत म्हणून दालनात अंधार असतो, आणि दर तासाला व अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं दिवे लागतात. बहुतेक लोक अंधारात येतात, एक नजर टाकतात आणि पुढे जातात. तुम्ही पाच मिनिटं आधी जाऊन बसा.

मी बत्तीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवलं, टाका बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. दिवे लागले तशी मी कडेला वाकले. ताणा आणि बाणा दोन्ही रेशमाचे, वरची लव लोकरीची. दहा सेंटीमीटर लांब-रुंद जागेत, म्हणजे साधारण तळहाताएवढ्या तुकड्यात, ५३०० गाठी! आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, गणिताचे पक्के. त्यांनी बसल्या बसल्या तोंडी हिशोब मांडला, अडीच कोटींच्या वर जातं म्हणाले, आणि मग स्वतःच गप्प झाले. मधल्या पदकासारख्या मोठ्या नक्षीच्या दोन टोकांना दोन दिवे विणलेत. ते एकसारखे नाहीत, एक लहान आहे नि एक मोठा. का, ह्यावर आम्ही दिवे जाईपर्यंत बोलत होतो. एका कडेला ओळ विणलीय, तीत काशानच्या मक्सूदचं नाव आणि साल आहे. म्युझियमने १८९३ मध्ये तो २००० पौंडांना घेतला. जोडीचा दुसरा गालिचा कापून ह्याची फाटलेली जागा भरली, आणि त्याचं उरलेलं आता लॉस एंजेलिसला आहे. हा इतिहास ह्यांना सांगायला ठेवा. गाठी तुम्ही दाखवा. माझ्या मते अशा दिवसाचं सगळं सुख ह्यातच असतं, एकाने दुसऱ्याला दाखवायचं.

मग वाटलं तर जवळच्या प्लास्टरच्या ओतीव प्रतिकृतींच्या दालनात जा. रोमच्या ट्राजन स्तंभाची प्रतिकृती तिथे आहे, छताला मावेना म्हणून दोन तुकड्यांत उभी केलेली. ह्यांना नक्की आवडेल. टिपू सुलतानाचा लाकडी वाघही ह्याच म्युझियमचा. दालनांची कामं निघत असतात, म्हणून जायच्या आदल्या दिवशी काय उघडं आहे ते मुलाला बघायला सांगा. बाकी मजल्यांच्या नादी लागू नका.

जेवायच्या वेळी मागच्या बाजूच्या उपाहारगृहात बसा, चहापुरतं का होईना. म्युझियमच्या पोटात खाण्यापिण्याची सोय जगात पहिल्यांदा इथे झाली म्हणतात. तीन जुन्या खोल्या आहेत. त्यातल्या एकीच्या निळ्या-पांढऱ्या फरशा इथल्याच कलाशाळेच्या विद्यार्थिनींनी रंगवलेल्या, तिथे मी माझ्या मुलींची आठवण काढत बराच वेळ बसले. केकमध्ये अंडं असतं, चालत नसेल तर आधी विचारा.

दुपारी बाहेरच्या रस्त्यावरून चौदा नंबरची बस घ्या. पिकॅडिली सर्कसला उतरून रीजंट स्ट्रीटने रमतगमत दहा-पंधरा मिनिटांवर लिबर्टीचं दुकान. १८७५ पासूनचा हा व्यवसाय. आताची लाकडी इमारत १९२४ मध्ये दोन जुन्या युद्धनौकांचं लाकूड वापरून बांधली, आणि त्यातल्या एका नौकेचं नाव होतं ‘हिंदुस्तान’. एवढं ऐकलं की हे खांबाला टेकणार नाहीत, खांबच बघत बसतील!

तुम्ही टाना लॉन मागा. बारीक सुताचं, हाताला रेशमासारखं लागणारं सुती कापड. मीटरवर कापून देतात. पन्हा १३६ सेंटीमीटर, त्यामुळे ब्लाऊजला पाऊण मीटर पुरतं, लांब बाह्या हव्या असतील तर एक मीटर घ्या. महाग आहे, म्हणून साडी-ड्रेसचा विचार नको. वजन नाही, बॅगेत कुठेही मावतं. आणि नक्षी ह्यांना निवडू द्या. माझी ह्यांनीच निवडली, निळ्यावर बारीक पानं. मी घेतली नसती. इरकलीवर इतकी शोभते की दरवेळी कोणीतरी विचारतंच.

टॅक्सचं म्हणाल तर ते जुनं झालं. २०२१ च्या सुरुवातीपासून लंडनच्या दुकानातून घेऊन स्वतः सोबत नेलेल्या वस्तूंवर पर्यटकांना तो परत मिळत नाही. पाटीवरची किंमत तीच शेवटची, वीस टक्के कर त्यातच धरलेला असतो. विमानतळावर रांग लावू नका.

आणि मुंबईहून विमान असेल, हाताशी अर्धा दिवस असेल, तर भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बघून जा. १८७२ मध्ये उघडलं तेव्हा त्याचंही नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच होतं. बुधवारी मात्र ते बंद असतं.