टायटलमधे 'ग्रीन' लिहायच्या आधी

पोरी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मायक्रोवेव्ह घेतलायस हे वाचून लई बरं वाटलं, पण रिपोर्टवर 'ग्रीन सिंथेसिस', म्हणजे पर्यावरणाला कमी त्रास देऊन रसायन बनवणं, असं छापायच्या आधी माझं जरा ऐक.

1986 ला मायक्रोवेव्हमधे ऑरगॅनिक रिअॅक्शन केल्याचे पहिले पेपर आले तेव्हापासून सगळ्यांना कौतुक वेळेचं, चार तासाचं काम चार मिनिटात. होतं तसं, पण त्यात जादू नाही गं. इथेनॉल उघड्यावर 78 डिग्रीला उकळतं, बंद व्हायलमधे तेच 138 पर्यंत नेता येतं, आणि दर दहा डिग्रीला स्पीड ढोबळमानानं दुप्पट धरला तर 64 पट झाला की. म्हणून तेवढ्याच टेंपरेचरला ऑइल बाथवर पण एकदा करून बघ, प्रेशर झेपणाऱ्या ट्यूबमधे आणि गाईड समोर असताना, म्हणजे फरक मायक्रोवेव्हचा का नुसत्या उष्णतेचा ते कळेल. किचनमधला ओव्हन मात्र नकोच, त्यात आतलं टेंपरेचर कळत नाही, ढवळता येत नाही आणि इथेनॉलची वाफ पेटते.

चाल्कोन नावाचं कंपाउंड करणार म्हणालीस, ते नको असं मला वाटतं. ते कॉस्टिक टाकून रूम टेंपरेचरला ढवळलं तरी होतं, मग वीज कशाला जाळायची? त्यापेक्षा बिगिनेली रिअॅक्शन घे. बेंझाल्डिहाइड, इथाइल अॅसिटोअॅसिटेट, युरिया आणि थोडं अॅसिड, त्याला खरंच तासंतास रिफ्लक्स लागतो, म्हणजे वाफ गार करून परत खाली आणत उकळत ठेवायचं. तिन्ही एकेक मोल धरले तर 296 ग्रॅम आत जातं, 260 ग्रॅम प्रॉडक्ट, बाकीचं 36 ग्रॅम नुसतं पाणी. सॉल्व्हंट इथेनॉलच, ते मायक्रोवेव्ह चांगलं शोषतं (हेक्झेन, टोल्युइन जवळजवळ तापतच नाहीत) आणि आपल्याकडं कारखान्यात उसाच्या मळीपासून बनतं. रिअॅक्शन झाल्यावर व्हायल बर्फात ठेव, पांढरा साका खाली बसतो, गाळायचा, गार इथेनॉलनं धुवायचा, संपलं. कॉलमची, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून माल शुद्ध करायची, गरज पडत नाही आणि खरी बचत तिथंच आहे, कारण एक ग्रॅम माल कॉलमवर घातला की हेक्झेन आणि इथाइल अॅसिटेट अर्धा-एक लिटर सहज जातं, मग ती पाच मिनिटाची रिअॅक्शन ग्रीन कसली? पेपरमधे यील्ड (किती माल निघाला) आणि मिनिटं ठळक असतात, वर्कअपचं (रिअॅक्शननंतर माल वेगळा करून साफ करायचं) सॉल्व्हंट कोणी मोजतच नाही, याचा मला खरंच राग येतो.

विजेचं पण गृहीत धरू नकोस. मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या मॅग्नेट्रॉनमधे बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते, छोट्या बॅचला कधीकधी साधा हॉटप्लेट कमी वीज खातो. प्लगला लावायचा मीटर मिळतो, तो लावून दोन्हीचं रीडिंग घे.

आणि एक, हे तुला जास्त कळेल. रिफ्लक्सच्या कंडेन्सरचं नळाचं पाणी तासंतास सरळ सिंकमधे जातं. तू जतची, टँकरच्या पाण्याला किती लाइन लागते ते तू बघितलंयस. पाइपचं तोंड एक तास बादल्यांमधे धर, लिटर मोज आणि तो आकडा यील्डच्या शेजारच्या रकान्यात टाक. टेबल तयार झालं की रविवारी सांगलीला घेऊन ये, मी घरीच आहे.