नवीन लॅपटॉप घेण्याआधी हे करून बघा

प्रश्न: दादा, मी लालबागला राहतो. आमच्या मंडळाचं शूटिंग तीन वर्षं मीच करतोय. यंदा नवीन कॅमेरा घेतला आणि परळच्या कारखान्यापासून मंडपापर्यंत सगळं आगमन ४के मध्ये शूट केलं. फाइली व्हीएलसीत एकदम मस्त चालतात पण एडिटिंगला टाइमलाइनवर टाकल्या की अडकत अडकत चालतात, ढोलाचा ठोका एकीकडे आणि चित्र दुसरीकडे, कट मारायचा कुठे तेच कळत नाही. रॅम १६ जीबी आहे. दुकानदार म्हणतो मोठ्या ग्राफिक्स कार्डवाला नवीन लॅपटॉपच लागेल, लाखाच्या वर जातोय. घरी पैसे मागू का?

उत्तर: अजिबात मागू नका, निदान आत्ता तरी. तुमचा लॅपटॉप बिघडलेला नाहीये. कॅमेऱ्यातली फाइल मेमरी कार्डावर कमी जागेत मावावी म्हणून बनवलेली असते, एडिटिंगला सोपी जावी म्हणून नाही, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं कारण दर गणपतीला दोन-तीन पोरं तरी असा खर्च करून बसतात.

मंडळाची वर्गणीची वही आठवा. पहिल्या ओळीत चाळीचं नाव, मजला, तारीख सगळं नीट लिहितात आणि खाली नुसतं वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, फक्त खोली नंबर आणि रक्कम बदलते. एच.२६४ आणि एच.२६५, म्हणजे कॅमेरे व्हिडिओ दाबून लहान करायला ज्या पद्धती वापरतात त्या, असंच करतात. एक फ्रेम पूर्ण ठेवतात, पुढच्या कित्येक फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहितात, आणि काही फ्रेम तर मागच्या-पुढच्या दोन्ही फ्रेम बघून बनवाव्या लागतात. व्हीएलसी वही वरून खाली वाचत जातं म्हणून त्याला त्रास नाही. पण तुम्ही एडिटिंगमध्ये मधलंच पान उघडता, उलटं जाता, दोन कॅमेरे एकावर एक लावता, टिपरू ढोलावर पडतं नेमकी तीच फ्रेम शोधता, आणि तेव्हा बिचाऱ्या कॉम्प्युटरला प्रत्येक वेळी वर जाऊन पूर्ण ओळ शोधून पुन्हा खाली यावं लागतं. प्लेबॅक रिझोल्यूशन अर्धं केलं तरी फार फरक पडत नाही तो यामुळेच, आधी फाइल पूर्ण उलगडावी लागतेच.

आता ग्राफिक्स कार्डाचं. कॅमेऱ्यात ४:२:२ १०-बिट (रंगांची जास्त माहिती साठवणारं) सेटिंग लावलंय का बघा. ते लावलं असेल तर एनव्हिडियाची आरटीएक्स ४० सिरीजपर्यंतची ग्राफिक्स कार्डं ती फाइल हार्डवेअरवर, म्हणजे कार्डातल्या खास चिपवर, उलगडतच नाहीत, ५० सिरीजपासून उलगडतात. इंटेलच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स मात्र अकराव्या पिढीपासून ४:२:२ वालं एच.२६५ उलगडतं. म्हणजे लाखभर घालून महागडं कार्ड आणलं आणि फाइल तरीही अडकली असं होऊ शकतं, त्यात दुकानदाराचंही काही जात नाही.

करायचं काय, तर प्रॉक्सी बनवायच्या. प्रॉक्सी म्हणजे त्याच क्लिपची छोटी कॉपी, जिच्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहिलेली असते. प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी, हे एडिटिंगसाठीचे फॉरमॅट आहेत, दोन्ही चालतील, साइज १०८० ठेवा. प्रीमियरमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून क्रिएट प्रॉक्सीज, दा विंची रिझॉल्व्हमध्ये जनरेट प्रॉक्सी मीडिया. रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनमध्ये फाइल उघडतच नसेल तर शटर एन्कोडर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून काढा, फक्त फाइलचं नाव, फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) आणि ऑडिओचे ट्रॅक ओरिजिनलसारखेच राहू द्या, नाहीतर नंतर प्रॉक्सी जोडली जात नाही. रात्री चार्जर लावून, स्लीप मोड बंद करून कामाला लावा आणि झोपा.

जागेचा हिशोब सांगतो. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटने लिहीत असेल तर एका तासाला साधारण ४५ जीबी होतात. १०८० ची प्रोरेस प्रॉक्सी २५ फ्रेमला सेकंदाला ३८ मेगाबिट, म्हणजे तासाला १७ जीबी. पण कोणी सांगितलं म्हणून सगळं ४के प्रोरेस ४२२ मध्ये कन्व्हर्ट करायला गेलात तर सेकंदाला ४९२ मेगाबिट, तासाला २२१ जीबी! मिरवणूक सहा तासांची असेल तर डिस्क भरून वाहील. प्रॉक्सी एखाद्या एसएसडीवर ठेवा, पेन ड्राइव्हवर नको.

आणि एक्स्पोर्ट करताना ओरिजिनल फाइलच वापरली जातेय हे दोनदा बघा. माझ्या हातून एकदा यूज प्रॉक्सीजची टिक राहिली आणि गिरगावातल्या एका लग्नाची फिल्म धुरकट गेली, वधूच्या घरच्यांनी मोठ्या टीव्हीवर लावली तेव्हा कळलं, रात्रीत परत काढून दिली. ओरिजिनल तर कधीच डिलीट करू नका, कार्ड दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट करू नका, आणि कॉपी करताना नुसत्या क्लिपा उचलू नका, अख्खा फोल्डर जसाच्या तसा घ्या.

प्रश्न: एमपीफोरचं नाव बदलून एमओव्ही केलं तर चालेल का? आणि कन्व्हर्ट केल्यावर क्वालिटी वाढते का? (एक वाचक, भांडुप)

उत्तर: दोन्हीला नाही. नाव बदलून आतली फाइल तीच राहते, डबा बदलला तरी भाजी तीच. क्वालिटी वाढतही नाही, कॅमेऱ्याने जे टिपलं नाही ते कन्व्हर्ट करून येत नाही.

प्रश्न: आजीच्या पंचाहत्तरीचं भजन फोनवर शूट केलं, ४० मिनिटांचं आहे, एडिटिंगमध्ये आवाज हळूहळू पुढे सरकतो. सुरुवातीला बरोबर, शेवटी टाळ वाजल्यावर हात हलतो. (एक ताई, माटुंगा)

उत्तर: ताई, फोन फ्रेम रेट एकसारखा ठेवत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की तो कमी-जास्त करतो. शटर एन्कोडर किंवा हँडब्रेक (हेही फुकट सॉफ्टवेअर) मध्ये कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा, फ्रेम रेट निवडून, ३० ला शूट केलं असेल तर ३० च ठेवून कन्व्हर्ट करा आणि मग ती फाइल एडिटिंगला घ्या, टाळ जागेवर येतील. हँडब्रेकची फाइल सहसा एच.२६४ असते, त्यामुळे ती अडकली तर वर सांगितलेली प्रॉक्सी तिच्यापासून बनवा. ओरिजिनल फोनमधून काढून दोन ठिकाणी ठेवा, आजींचा आवाज आहे त्यात.