नऊ तास तेच, फक्त आठ ते पाच

प्रश्न : मी बदलापूरला राहते आणि परळच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. मातृत्व रजेनंतर रुजू होऊन तीन महिने झाले. बाळ नऊ महिन्यांचं आहे. ऑफिस साडेनऊ ते साडेसहा, पाळणाघर मात्र सातला बंद होतं. मिस्टरांची शिफ्ट बदलती. वेळ बदलून मागितली तर ‘हिला झेपत नाही’ असं साहेबांना वाटेल का? की सरळ राजीनामा देऊ?

उत्तर : राजीनाम्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही अजून काही मागितलेलंच नाही.

आठ ते पाच अशी वेळ मिळाली तर संध्याकाळ सुटते, पण सकाळी सव्वासहाच्या आसपासची लोकल धरावी लागेल. तेव्हापासून पाळणाघर उघडेपर्यंत बाळाजवळ कोण? मिस्टरांची फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यात काय? हे घरी पक्कं करूनच साहेबांकडे जा. आणि मिस्टरांनीही त्यांच्या कंपनीत शिफ्टबद्दल विचारावं. बाळ दोघांचं आहे.

साहेबांना खरी धास्ती असते ती तारखांची. 7 ला टीडीएस (कापून ठेवलेला कर) भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र), 20 ला थ्रीबी (जीएसटीआर-3बी, महिन्याच्या जीएसटीचं गोषवारा विवरणपत्र). म्हणून ‘18 ते 20 मी उशिरापर्यंत थांबेन’ हे तुम्हीच आधी सांगून टाका, आणि त्या तीन संध्याकाळी बाळाला कोण आणणार तेही ठरवून ठेवा. दर महिन्याच्या 14 तारखेला टूबी (जीएसटीआर-2बी, पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीचा तक्ता) येतं. त्याच्याशी खरेदीची बिलं जुळवणं, बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या नोंदी आपल्या हिशेबाशी जुळवणं), पार्ट्यांचे लेजर म्हणजे खाती तपासणं ही कामं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा रिमोट अ‍ॅक्सेस असेल तर घरूनही होतात. चेकवर सह्या घेणं, कागदी बिलं लावणं होत नाही. तेव्हा ‘वर्क फ्रॉम होम द्या’ असं मोघम मागू नका. ‘14 नंतरचे दोन दिवस टूबीचं काम घरून करते’ असं मागा.

कायद्याचं थोडक्यात. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने रजा 26 आठवड्यांची झाली, तेव्हाच रजेनंतर घरून काम करण्याची तरतूदही आली. पण ती कामाचं स्वरूप पाहून, मालक आणि कर्मचारी दोघांच्या संमतीने. म्हणजे हक्क म्हणून बजावता येत नाही, पण बोलण्याला आधार आहे. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन स्तनपान-विराम मात्र हक्काचे. बाळ बदलापूरला असताना त्यांचा तुम्हाला उपयोग नाही. ते एकत्र करून लवकर निघू द्याल का, हे जरूर विचारा.

आधी समोर बसून बोला, मग त्याच दिवशी मेल टाका : ‘आज बोलल्याप्रमाणे पुढचे तीन महिने माझी वेळ आठ ते पाच राहील. 18 ते 20 या तारखांना मी गरजेनुसार थांबेन. तीन महिन्यांनी आपण आढावा घेऊ.’ मुदत घातली की साहेबांनाही हो म्हणणं सोपं जातं. मेलमध्ये दिलगिरीचा एकही शब्द नको.

कुणी ‘मग पगार थोडा कमी करू’ म्हणालं तर लगेच मान डोलवू नका. तास नऊच राहताहेत. बेसिक कमी झालं की पीएफ घटतो, पुढे ग्रॅच्युइटीही.

आणि ही भेट 21 तारखेनंतर मागा. थ्रीबी भरून झालेलं असतं, साहेब नीट ऐकून घेतील.