हत्तींसारख्या वन्यजीवांच्या प्रश्नावर दोन टोकांना असलेल्या देशांचं एकमत कसं होतं?

तुमचा प्रश्न असा आहे, की वन्यजीव संरक्षणाबाबत जगातले देश इतके विभागलेले असताना त्यांच्यात एकमत घडवता येतं का, आणि तसं कधी घडलं आहे का. घडलं आहे. मी या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदांची कागदपत्रं बरीच वर्षं वाचत आले आहे, आणि माझ्या मते यातून सर्वांत जास्त शिकवणारं प्रकरण आफ्रिकेतल्या हस्तिदंताचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘सायटीस’ नावाचा करार आहे. 1989 साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्याच्या सदस्य देशांनी आफ्रिकन हत्तीला परिशिष्ट एकमध्ये टाकलं, म्हणजे हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद केला. दहा वर्षांत हत्तींची संख्या अंदाजे तेरा लाखांवरून सहा लाखांवर आली होती. त्याच वर्षी केनियाने सुमारे 12 टन हस्तिदंत जाहीरपणे जाळला. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांना ही बंदी कधीच पटली नाही. 1997 मध्ये हरारेच्या बैठकीत बोट्स्वाना, नामिबिया आणि झिंबाब्वे इथल्या हत्तींना परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे अटी घालून व्यापार करता येतो अशा यादीत, आणलं गेलं आणि 1999 मध्ये त्यांनी जपानला एकदा हस्तिदंत विकला.

या भांडणात मला कुठलीच बाजू खोटी वाटत नाही. केनियाचं म्हणणं असं, की बाजारात थोडा जरी कायदेशीर माल आला तरी त्याच्या आडून चोरटा माल खपतो, आणि त्याची किंमत हत्तींबरोबर गस्तीवरचे वनरक्षकही जिवाने मोजतात. बोट्स्वानात एक लाखाहून जास्त हत्ती आहेत. तिथला शेतकरी रात्रभर शेत राखतो, तरी कळप येऊन उभं पीक तुडवून जातो. नैसर्गिकरीत्या मेलेल्या हत्तींचे दात सरकारी गोदामांत साठत राहतात आणि ते विकायचे नाहीत, असं दूरचे देश सांगतात. दोडामार्ग तालुक्यातल्या ज्या माणसाची केळी आणि माड हत्तींनी लोळवले आहेत, त्याला हा राग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

2007 साली हेगच्या बैठकीत केनिया आणि माली यांनी वीस वर्षं व्यापाराचा कुठलाही प्रस्ताव नको, अशी मागणी केली. बोट्स्वाना आणि नामिबियाला दरवर्षी ठरावीक कोटा हवा होता. मतदान झालं असतं तर दोन तृतीयांश मतांची अट होती, आणि कोणीतरी हरून पुन्हा त्याच रागाने घरी गेलं असतं. त्याऐवजी आफ्रिकेतले देश आपसांत बसले. शेवटी ठरलं ते असं: दक्षिणेकडच्या चार देशांनी (बोट्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वे) आपला सरकारी साठा एकदाच विकावा, पैसा हत्तींसाठी आणि हत्तींच्या शेजारी राहणाऱ्या लोकांसाठीच वापरावा, आणि त्यानंतर नऊ वर्षं नवा प्रस्ताव आणू नये. हे मतदानाशिवाय मंजूर झालं. 2008 मध्ये चीन आणि जपानला शंभर टनांहून जास्त हस्तिदंत विकला गेला.

हे का जमलं? ज्यांच्या जमिनीवर हत्ती आहेत त्यांनीच तडजोड केली, हे मला सर्वांत महत्त्वाचं कारण वाटतं. दुसरं कारण कमी बोललं जातं. 1997 पासून दोन्ही बाजूंनी मान्य केलेली मोजणीची व्यवस्था उभी राहत होती. गस्तीत सापडलेल्या मृत हत्तींपैकी किती शिकारीने मेले, याची नोंद ठरावीक जंगलांत एकाच पद्धतीने होते. आपल्याकडचे वायनाड, निलगिरी, म्हैसूरचे पट्टेही त्यात आहेत. विक्रीमुळे शिकार वाढली का, यावर आजही जोरात वाद होतो, पण निदान तो त्याच आकड्यांवरून होतो.

आता बिघडलं कुठे, तेही सांगते. करारातली नऊ वर्षांची अट त्या चार देशांपुरतीच लिहिलेली होती. 2010 मध्ये टांझानिया आणि झांबिया आपापले प्रस्ताव घेऊन आले, तेव्हा केनियाच्या गटाला फसवणूक झाल्यासारखं वाटलं. पुढे व्यापार कोणत्या निकषांवर चालेल, हा खरा कळीचा प्रश्न तर ‘नंतर यंत्रणा ठरवू’ म्हणून पुढे ढकलला होता. ती यंत्रणा झालीच नाही, आणि 2016 मध्ये जोहान्सबर्गला तो विषयच सोडून दिला गेला. मला याचं फार वाईट वाटतं. 2007 मध्ये सगळ्यांची दमछाक झाली होती, हे खरं, पण विश्वास तेव्हा सर्वाधिक होता आणि अवघड काम तेव्हाच हाती घ्यायला हवं होतं.

तरीही सगळं वाया गेलं नाही. 2010 मध्ये हत्ती असलेल्या सर्व आफ्रिकन देशांनी एक कृती आराखडा मान्य केला. त्यात कायदेशीर व्यापाराच्या वादाला हातच लावला नव्हता. शिकार रोखणं, हत्तींचा अधिवास जोडलेला ठेवणं, माणूस-हत्ती संघर्ष कमी करणं, अशी सगळ्यांना हवी असलेली कामं होती.

तुम्ही एखाद्या अशा प्रक्रियेत प्रत्यक्ष काम करत असाल, तर माझा आग्रह एकाच गोष्टीचा राहील: शेजारी राहणाऱ्या लोकांना बोलावून फक्त ऐकून घेऊ नका, त्यांना निर्णयात जागा द्या. 2016 मध्येच नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वेने सायटीसमध्ये ग्रामीण समुदायांची कायमची समिती असावी, असा प्रस्ताव आणला होता. ती समिती झाली नाही. माझ्या मते ती व्हायला हवी होती, आणि अजूनही व्हायला हवी.