दीड महिन्याच्या बाळाच्या श्वासाचा घुरघुर आवाज येतो, हा कफच असेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की ताप नाही, सर्दी नाही, पण रडताना आणि उताणं ठेवल्यावर आवाज वाढतो. आमच्या लेकाचं अगदी असंच होतं. मी डॉक्टर नाही, स्वतःचा अनुभव सांगते.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. शेजारी यंत्रमाग, त्यामुळे पहिला दोष सुताच्या तुसाला. सासूबाईंच्या मते छाती भरली होती, म्हणून ओव्याची धुरी. डॉक्टरांनी मात्र एकच विचारलं, "आवाज श्वास आत घेताना येतो की सोडताना?" घरात पाच माणसं, कुणीच नीट पाहिलं नव्हतं!

आत घेताना आवाज आला तर अडथळा बहुधा घशात, स्वरयंत्रापाशी. सोडताना शिट्टीसारखा आला तर छातीतल्या बारीक नळ्यांत.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून बघितलं. भूल नाही, बाळ माझ्याच मांडीवर. स्वररज्जूंच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या पट्ट्यांच्या, वरचा भाग मऊ होता, श्वासाबरोबर आत ओढला जायचा. याला लॅरिंगोमलेशिया म्हणतात. तान्ह्या बाळांत अशा आवाजाचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण. सहा-आठ महिन्यांपर्यंत वाढतो आणि बहुतेकांचा दीड-दोन वर्षांत जातो. आमचा सोळाव्या महिन्यात गेला. पालथं केलं की आवाज कमी होतो, पण म्हणून पालथं झोपवू नका. धुरी मात्र आजच बंद करा.

रडण्याकडेही लक्ष द्या. आवाज क्षीण, घोगरा असेल आणि दूध पिताना ठसका लागत असेल, तर एक स्वररज्जू हलत नसेल. डावी स्वररज्जू हलवणारी नस (मज्जातंतू) छातीत उतरून हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालून वर येते, त्यामुळे हृदयाच्या ऑपरेशननंतरही असं होऊ शकतं. दोन्ही हलत नसतील तर रडणं चांगलं खणखणीत असतं, अडतो तो श्वास. म्हणून नुसत्या रडण्यावर विसंबू नका.

गळ्याची खळगी, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळे पडत असतील किंवा मध्येच श्वास थांबत असेल, तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा. दूध पिताना दमत असेल, वजन वाढत नसेल तरी लवकर दाखवा.

(घरात मोठं मूल असेल आणि त्याला अचानक असा आवाज सुरू झाला, तर आधी श्वासनळीत शेंगदाणा अडकल्याचा संशय घ्या. आमच्याकडे शेंगाचटणीशिवाय ताट नाही, म्हणून सांगते.)

जाताना मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या. पोट उघडं ठेवून काढा, म्हणजे श्वास आत की बाहेर ते दिसतं. दवाखान्यात पोचलं की ही बाळं हमखास गाढ झोपतात.