टोपॉलॉजिकल लेझर: सुरुवात कुठून करायची?

गणेशखिंडीत (पुणे विद्यापीठात) एमएस्सी करता करता टोपॉलॉजिकल लेझरमध्ये, म्हणजे रचनेच्या टोपॉलॉजीमुळे कडेवर टिकून राहणाऱ्या प्रकाशावर चालणाऱ्या लेझरमध्ये शिरताय, छान! पण थेट २०१८ च्या शोधनिबंधांवर उडी मारू नका. बेरी वक्रता, चर्न अंक ही टोपॉलॉजी मोजायची गणिती साधनं सध्या कपाटात ठेवा.

आधी एसएसएच साखळी. १९७९ मध्ये सू, श्रीफर आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीन या लांब साखळीच्या रेणूसाठी मांडलेलं हे प्रारूप आहे. पायथनमध्ये वीस बिंदूंची मॅट्रिक्स लिहा, बिंदूंमधले दुवे आलटून पालटून कमकुवत आणि मजबूत ठेवा आणि तिच्या ऊर्जापातळ्या काढा. दोन्ही टोकांचे दुवे कमकुवत असले की ऊर्जेच्या पट्ट्यांमधल्या फटीच्या (जिथे एरवी एकही पातळी नसते) मधोमध दोन पातळ्या उगवतात आणि त्यांच्या लहरी टोकांपाशी चिकटून बसतात. मग दुवे उलटे करा. त्या पातळ्या गायब! हे स्वतः पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, कितीही बाळबोध वाटलं तरी.

मग एमपीबी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि फोटॉनिक स्फटिकाचे (प्रकाशासाठी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचनेचे) पट्टे काढा. द्विमितीतच राहा, त्रिमितीत लॅपटॉप नुसता तापतो.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- कडेवर प्रकाश दिसला की त्याला टोपॉलॉजिकल म्हणणं. साध्या दोषातही प्रकाश अडकतो.
- 'कुठलाही दोष चालतो' असं समजणं. फट मिटली किंवा आवश्यक सममिती मोडली, की संरक्षण संपलं.
- लेझर विसरणं! ही सगळ्यात मोठी. कडेची अवस्था म्हणजे फक्त पोकळी, प्रकाश अडकवून ठेवणारी जागा. गेन (प्रकाशाची वाढ), तोटा आणि थ्रेशोल्ड (गेन तोट्याला गाठते ती पातळी) कळले नाहीत तर लेझर होत नाही.

पट्ट्यांचं चित्र निघालं की इथे टाका, मग गेनकडे वळू.