मृत समुद्राच्या गुंडाळ्यांमध्ये राजासाठी प्रार्थना आहे का?

तुम्ही विचारलंय की कुमरानचे लोक (मृत समुद्राकाठचा एक प्राचीन ज्यू पंथ; या गुंडाळ्या तिथल्याच गुहांत सापडल्या) जेरुसलेमच्या सत्तेवर एवढे चिडलेले होते, तर त्यांच्या गुहेत राजासाठी प्रार्थना कशी सापडते? सापडते खरी. आणि त्याच चौथ्या गुहेतल्या दुसऱ्या एका गुंडाळीत बहुधा त्याच राजावर आसूड ओढलेला आहे.

प्रार्थनेचा तुकडा (क्रमांक ४क्यू४४८, म्हणजे कुमरानच्या चौथ्या गुहेतला ४४८ वा) तळहातापेक्षा फार मोठा नाही. चामड्याचा, जेमतेम १८ सेंटिमीटर उंच. गुंडाळी बांधायच्या वादीचे अवशेष अजून त्याला आहेत. वर देवाचं स्तोत्र, खाली दोन रकाने. १९९२ साली त्याचं वाचन प्रसिद्ध झालं आणि त्यात चक्क ‘योनाथान राजा’ निघाला. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा जेरुसलेमवर राज्य करणाऱ्या हसमोनी या ज्यू घराण्यातला अलेक्झांडर यान्नाय (इ.स.पू. १०३ ते ७६). त्याच्या नाण्यांवरही हेच हिब्रू नाव आहे.

मागणं असं: योनाथान राजाला आणि चारी दिशांना पांगलेल्या तुझ्या सगळ्या इस्राएल लोकांना शांती लाभो, तुझ्या राज्यालाही लाभो. ‘तुझ्या’ म्हणजे देवाच्या. राजा इथे प्रजेच्या रांगेतच उभा आहे, आणि मला या तुकड्यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. काही जण ही प्रार्थना राजाच्या विरोधात आहे असं मानतात. मला ते पटत नाही, कारण त्याच दमात सगळ्या लोकांसाठी शांती मागितली आहे.

आता दुसरी बाजू, म्हणजे ती आसूड ओढणारी गुंडाळी. नहूम संदेष्ट्याच्या ग्रंथावरच्या तिच्यातल्या भाष्यात माणसांना जिवंत टांगणारा ‘क्रोधाचा सिंह’ येतो. इतिहासकार योसेफस सांगतो की यान्नायने ८०० विरोधकांना वधस्तंभावर चढवलं, त्यांच्या डोळ्यांदेखत बायकामुलांचे गळे चिरले आणि स्वतः मेजवानी झोडत बसला. सिंह म्हणजे तोच, असं बहुतेकांचं मत आहे.

मग दोन्ही एकाच गुहेत कशा? तिथल्या सगळ्याच गुंडाळ्या त्या पंथाच्या हातच्या नाहीत, बऱ्याच बाहेरून आलेल्या आहेत. ही प्रार्थनाही राजाच्या बाजूच्या कुणीतरी बाहेरच लिहिली असावी, असं मला वाटतं.

पण म्हणून या गुंडाळ्यांना राजाच नको होता असं समजू नका. कुमरानचीच ‘मंदिराची गुंडाळी’ मिळाली तर तिचे ५६ ते ५९ हे रकाने जरूर वाचा. तिथे राजा आहे, पण त्याला बायको एकच, कुणाचं शेत की द्राक्षमळा बळकावायची मुभा नाही, आणि १२ सरदार, १२ याजक व १२ लेवी (मंदिरातले सेवक) यांना विचारल्याशिवाय त्याने काही करायचं नाही.